अनीशच्या जहाजाचा धूर

बॉथेल, ६ ऑक्टोबर २०२५

गिरिजाबाई,

सांगणारी तुझी आजी, लिहिणारी तुझी रत्नामामी. अक्षर वळणदार दिसलं तर ते तिचं, आणि बोलणं खोचक वाटलं तर ते माझं.

फोन असताना म्हातारीला पत्राचं खूळ कुठून आलं, म्हणशील. अगं, या घरात फोन आला की तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात. तू तिकडे ऱ्होड आयलंडातून बोलतेस, इकडे मिक्सर चालतो, रवीमामा मधेच "आवाज येत नाहीये" म्हणतो, आणि माझ्या कानात पडतं ते फक्त "चल, बाय". त्यापेक्षा कागद बरा. रत्ना दोनदा वाचून दाखवते आणि आवडलं तर तिसऱ्यांदाही.

शनिवारी इथल्या मंडळाची कोजागिरी झाली. पौर्णिमा आज सोमवारी आहे, पण इथे चंद्र शनिवारी उगवतो, कारण सगळ्यांना सुट्टी असते. तिथे चैत्राली नावाच्या मुलीने विचारलं, आजी, तुमची नात काय करते? मी म्हटलं, धूर मोजते. तिला वाटलं मी तुला चुलीपुढे बसवलंय. मग रवीने सांगितलं, समुद्रात एक चिमुकला देश आहे, त्याची शेकडो जहाजं आहेत आणि ती वर्षाला किती धूर सोडतात याचा हिशेब आमची गिरिजा लावते. देश आपल्या तालुक्याएवढा आणि जहाजं शेकडो? कुणीतरी तुला बनवतंय असं मला वाटतं. नीट समजावून लिही.

तुझी आई सुलू मजेत आहे. वसंतात तिच्या काळजात ती जाळी बसवली तेव्हापासून ताण नको असं डॉक्टर म्हणालेत, त्यामुळे या घरात वाईट बातमीला बंदी आहे. रवीच्या ऑफिसात माणसं काढली त्या दिवशी तो सुलूसमोर हसत बसला. इतकं वाईट हसला की तिनेच विचारलं, रवी, पोटात दुखतंय का?

तुझा भाऊ मात्र सुधारला. गेल्या महिन्यात अनीशचा जहाजावरून फोन आला. सुलू फिरायला गेली होती, म्हणून मीच बोलले. विचारतो काय, तर आजी, कमी जाळात भात कसा करायचा? इंजिन सांभाळणारा पोरगा भाताचं विचारतोय. मी सांगितलं, तांदूळ भिजव, एक कढ आण, झाकण घट्ट लाव आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेव, आपोआप शिजतो. खूप हसलो दोघं. आता त्याच्यासाठी मुलगी बघायला हरकत नाही.

भाऊबीजेला त्याचा व्हिडिओ कॉल येईल म्हणून सुलूने आत्तापासून साडी काढून ठेवलीय.

आशीर्वाद, आणि थोडं खात जा.
आजी


ऱ्होड आयलंड, १२ ऑक्टोबर २०२५

आजी, नमस्कार.

मला कुणी बनवत नाहीये. तो देश खरंच तेवढाच आहे. मालक भलत्याच देशातला असतो, खलाशी आपल्याकडचे नाहीतर फिलिपिन्सचे, आणि जहाजाच्या मागे झेंडा मात्र या चिमुकल्या देशाचा. झेंडा लावायची फी भरली की झालं. बहुतेक जहाजांनी तो देश कधी पाहिलेलासुद्धा नाही. तू म्हणशील, नवऱ्याचं नाव लावायचं आणि सासर बघायचं नाही. तसंच आहे.

प्रत्येक जहाज आपण कुठे आहोत याचा सिग्नल सतत पाठवत असतं. त्यावरून वेग कळतो, वेगावरून तेल किती जळालं ते कळतं आणि तेलावरून धूर. जहाज नांगर टाकून उभं असलं तरी थोडं तेल जळतंच. दिवे, पाण्याचे पंप, फ्रीज, स्वयंपाक. माझ्या ग्राफवर तेव्हा नुसती बारीक रेघ दिसते.

आणि बातमी चांगली आहे. गेली दोन वर्षं त्या देशाचा धूर कमी कमी होत चाललाय. ग्राफ उतरणीला लागलाय. जहाजं हळू जातायत म्हणून असेल, असं माझे प्रोफेसर म्हणतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या देशाच्या अधिकाऱ्यांसमोर मी तो मांडणार आहे. त्यांना तो जगाला दाखवायचाय. माझा पगारही त्यांच्याच प्रोजेक्टमधून येतो, त्यामुळे सगळे खूश आहेत.

आता एक विचारते. अनीशच्या जहाजावर तोच झेंडा आहे, म्हणून सवयीने मी रोज त्याची रेघ बघते. ऑगस्टपासून ते एका परक्या बंदराबाहेर उभं आहे. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजं अशी थांबतात, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. पण त्यांच्याकडे आचारी आहे, आजी. शेगडी विजेवर चालते. मग अनीशला कमी जाळात भात कशाला करायचाय?

तो नक्की काय म्हणाला, शब्द न् शब्द आठवून सांग. कदाचित काही नसेलही. पण आईला हे वाचून दाखवू नका.

गिरिजा


बॉथेल, १७ ऑक्टोबर २०२५

गिरिजा,

हे पत्र गाडीत बसून लिहिलं जातंय. सुलू घरात चकलीचं पीठ मळतेय. तिला सांगितलं, आम्ही खोबरं आणायला चाललो. आता दुकानाबाहेर पार्किंगमध्ये गाडी उभी आहे, काचेवर पाऊस आहे आणि रत्नाने मांडीवर पोळपाट घेतलाय. पोळपाट घेऊन खोबरं आणायला निघालेल्या बायका सुलूने प्रथमच पाहिल्या असतील.

तुझं पत्र ऐकल्यापासून मी आठवतेय. त्याने आधी भाताचं विचारलं. मग म्हणाला, आजी, आपल्या गुहागरच्या घरी पागोळ्यांचं पाणी साठवायचो, ते पहिल्या दिवशीचं टाकून द्यायचो ना? मी म्हटलं, हो रे, कौलांवरची घाण येते, दुसऱ्या दिवसापासून फडक्यातून गाळून भर. मग विचारलं, डाळ न शिजवता नुसती भिजवून खाल्ली तर चालेल का? मी म्हटलं, मूग असतील तर चालेल, मोड आण. मला वाटलं, पोराला घरची आठवण येतेय. एकेक उत्तर मी किती फुशारकीने दिलं. आणि तोही हसत होता. मला एका शब्दाने कळू दिलं नाही.

आता मला ते हसणं आठवतं आणि मी रात्री उठून बसते.

आमच्या वाडीत एक पद्धत होती. सकाळी परसात गेलं की आधी शेजारच्या कौलांकडे बघायचं. धूर दिसला की आपल्या कामाला लागायचं. जगन्नाथ मास्तर एकटे राहायचे. एका सकाळी त्यांच्या घरावर धूर नव्हता. माझ्या सासूने हातातलं शेण तसंच टाकलं आणि धावली. मास्तर मोरीत पडले होते, पाय मोडून. धूर नाही म्हणजे बाई आळशी झाली असं कुणी म्हणत नसे, आधी दार वाजवायचं. आणि तुझे ते अधिकारी धूर कमी झाला म्हणून पेढे वाटणार?

मला ग्राफबिफ कळत नाही. सरळ सांग. त्या जहाजावर धूर आहे ना अजून?

तिकडून लपवून काही लिहू नकोस. मी म्हातारी आहे, पण माझ्या काळजात जाळी नाही.

आजी

(गिरिजा, मी रत्ना. आईंचे हात गार पडलेत. मी हीटर लावलाय, तरी.)


ऱ्होड आयलंड, २४ ऑक्टोबर २०२५

आजी,

काल भाऊबीज झाली आणि फोन आला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. "नेटवर्क नसलेल्या भागात आहे" असा मेसेज आईला मीच पाठवला. तिने अंगठा पाठवला आणि वर लिहिलं, "तूच ओवाळून घे मनात." त्यानंतर मला लायब्ररीत बसवेना.

तू सरळ विचारलंस, सरळ सांगते. रेघ आधी खूप बारीक झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सिग्नलच बंद झाला. माझ्या कॉम्प्युटरने तिथे शून्य लिहिलं. त्याच्या मते जहाजाने धूर सोडणं बंद केलं. ग्राफ आणखी थोडा खाली आला.

मी चौकशी केली. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलंय. फोन उचलत नाही, कंपनीचा पत्ता खोटा निघाला. तेल संपत आलं तसं त्यांनी आधी फ्रीज बंद केले, मग पंप, मग दिवे. एवढं कप्तानाने खलाशांच्या संघटनेला कळवलं होतं, त्यानंतर त्याचाही फोन लागेना. वर नऊ माणसं आहेत. बंदर त्यांना उतरू देत नाही, कारण जहाज रिकामं सोडलं तर ते वाहत जाऊन कुणावर तरी आदळेल. संघटना म्हणते, ज्याचा झेंडा त्या देशाने लक्ष घालायचं. त्या देशाचं ऑफिस म्हणतं, मालकाशी संपर्क साधा.

मग मी बाकीच्या रेघा काढून बघितल्या. आजी, माझा तो उतरणारा ग्राफ बराचसा असल्याच जहाजांचा आहे. कुठे कुठे सोडून दिलेली, तेल संपलेली. मी दोन वर्षं त्यांच्याकडे बघून खूश होत होते.

प्रोफेसरांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, प्रेझेंटेशनमध्ये एक तळटीप टाक, पुढच्या वर्षी त्यावर वेगळं काम करू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी? त्यांनी माझ्या स्लाइडवर तळटीपेची जागा दाखवली. त्यांनाही पैसा तिथूनच येतो.

मी मीटिंगमध्ये बोलले तर माझी जागा जाईल. जागा गेली की व्हिसा गेला. इथे आत्ता काहीच न केलेली परदेशी मुलंसुद्धा व्हिसा जाईल म्हणून घाबरून राहतात, मेल उघडायला घाबरतात. न बोलले तर अनीश तिथे अंधारात आहे आणि त्याच अधिकाऱ्यांपुढे उभं राहून मी धूर कमी झाल्याचं सांगायचं.

मला फार भीती वाटते. काय करू?

गिरिजा


बॉथेल, २८ ऑक्टोबर २०२५

गिरिजा बाळा,

वर एक ओळ खोडलेली दिसतेय ना? मी आधी सांगितलं, "तू बोलू नकोस, गप राहा." रत्नाने लिहिलं. मग मी म्हटलं, खोड. तिने खोडलं. मग मी म्हटलं, "जे होईल ते होवो, बोल." रत्ना लिहीना. म्हणाली, आई, आधी ठरवा, कागद एकच आणलाय. तेव्हा आम्ही दोघी गाडीत बसून रडलो आणि शेजारच्या गाडीतल्या गोऱ्या बाईने काच खाली करून विचारलं, आर यू ओके? रत्ना म्हणाली, येस येस, खोबरं महाग झालंय. मला नंतर मराठीत सांगितलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुझ्या आजीला शहाणपण सुचलेलं नाही. एका हाताला तू, एका हाताला तो. कुठलाही हात सोड म्हटलं तर मी कशी सोडू? तुझ्या जिवाला धोका नाही, जागेला आहे, असं रवी म्हणतो. पण तू किती वर्षं उपाशीतापाशी अभ्यास केलास ते मी पाहिलंय. आणि परत पाठवलं तर तुझ्या डोक्यावर त्या शिक्षणाचं कर्ज आहे, तेही मला ठाऊक आहे. मला तुझीही भीती वाटते.

सुलू रोज विचारते, अनीशचं नेटवर्क आलं का. मी सांगते, समुद्र मोठा आहे. काल ती म्हणाली, "आई, तू हल्ली माझी थट्टा करत नाहीस." मी लगेच तिच्या करंज्यांना नावं ठेवली, तेव्हा तिला बरं वाटलं. करंज्या उत्तम झाल्या होत्या.

इथे धुकं पडलंय. सकाळी समोरच्या घराचं छप्पर दिसत नाही. मी आपली सवयीने बघत उभी राहते.

तुला बोल म्हणत नाही. गप बस म्हणायला गेले, तर ते माझ्याच तोंडाला पटलं नाही, हे वर तू पाहिलंसच. एवढंच सांगते, जे करशील ते मला आधी कळवू नकोस. करून मग कळव. आधी कळलं तर मी तुला अडवीन.

आजी


ऱ्होड आयलंड, ८ नोव्हेंबर २०२५

आजी,

करून मग कळवतेय.

मीटिंग स्क्रीनवर होती. चौघे अधिकारी आणि आमचे प्रोफेसर. मी ग्राफ लावला. एक बाई म्हणाल्या, व्हेरी ब्यूटिफुल. मी म्हटलं, आता यातून न हललेली जहाजं बाजूला काढते. ती काढली तशी रेघ जवळजवळ सपाट झाली. मी एक जहाज मोठं करून दाखवलं. लक्ष्मीपूजनाच्या त्या तारखेपासून शून्य आहे, पण वर नऊ माणसं आहेत, असं सांगितलं. आवाज इतका कापत होता की प्रोफेसरांना वाटलं माझं इंटरनेट गेलं. मग मी म्हटलं,

"त्यातला एक माझा भाऊ आहे."

त्या बाईंनी कॅमेरा बंद केला. मीटिंग तिथेच संपली. संध्याकाळी प्रोफेसरांचा मेल आला, डिसेंबरनंतर माझी जागा चालू ठेवता येणार नाही. खाली स्वतःहून एक ओळ टाकली होती की दुसरीकडे शब्द टाकतो. टाकतीलही. पण व्हिसाचं काय होईल, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी, आजी, त्या देशाने बंदराला पत्र पाठवलं. कॅमेरा बंद करणाऱ्या त्याच बाईंची सही होती, असं संघटनेने सांगितलं. बंदराची बोट पाणी, डिझेल आणि डॉक्टर घेऊन गेली. सात जणांना उतरवलं. एकाला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, तो आचारी होता. कप्तान आणि अनीश मागे राहिले. जहाज रिकामं ठेवता येत नाही आणि दिवे चालू ठेवायला इंजिनवाला लागतो. कोर्ट जहाज विकेल तेव्हा सुटतील. काही महिने लागतील म्हणतात. कुणी नक्की सांगत नाही.

तो बोलला माझ्याशी, अगदी थोडं. मी ओळखलाच नाही, आवाज म्हाताऱ्या माणसाचा आला. म्हणाला, आईला सांगू नका. मग म्हणाला, आता दोघंच आहोत तर इंजिनरूममध्ये एकट्याने उतरायची भीती वाटते.

पण आता आईला सांगावंच लागेल. इथल्या एका पेपरवाल्याने फोन केला होता, बातमीत अनीशचं नाव येणार आहे. व्हॉट्सॲपवर ते आईपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? मी फोनवर सांगायला गेले तर स्पीकरवर सगळ्यांसमोर होईल आणि मला धीर होणार नाही. तू सांग. कसं, ते मला सुचत नाही. तिच्या जवळ कुणीतरी असू दे. गोळ्या हाताशी ठेवा.

गिरिजा


बॉथेल, १३ नोव्हेंबर २०२५

गिरिजा,

आजचं अक्षर वेगळं दिसेल. आज तुझी आई लिहितेय. रत्नाचा हात दुखतो, असं मी तिला सांगितलं. रत्ना शेजारच्या खुर्चीवर बसलीय, तिचा हात ठणठणीत आहे. सुलू, हेसुद्धा लिही.

रवी आज कामावर गेलेला नाही. तो आत पाणी पितोय. गोळ्या आणि पाणी टेबलावर आहे. सुलू म्हणते, हे काय सांगायचं पत्रात. तू लिही गं, मी सांगते तेवढं. लिहिता येत असतं तर मीच लिहिलं असतं, तुला त्रास दिला नसता.

गिरिजा, अनीश सुखरूप आहे. सुलू, हे मोठ्या अक्षरात लिही. अनीश जिवंत आहे, त्याला प्यायला पाणी आहे, जेवायला आहे, दिवे आहेत. डॉक्टर बघून गेला. लिहिलंस? परत एकदा लिही.

अनीश सुखरूप आहे.

आता पुढचं. तो नेटवर्क नसलेल्या भागात नव्हता. त्याच्या मालकाने जहाज सोडून दिलं होतं. ऑगस्टपासून ते एकाच जागी उभं होतं आणि तेल संपलं होतं. भाऊबीजेला त्याच्याकडे वीजच नव्हती, म्हणून फोन आला नाही. तुला विसरला नव्हता.

पेन थांबलंय. थांबू दे. मी थांबते.

रत्नाने पाणी दिलं. ती प्यायली. मला म्हणते, आई, पुढे सांग. मी म्हटलं, आधी श्वास घे. ती म्हणाली, सांग म्हणते ना.

पुढे असं की आपल्या गिरिजाने त्या देशाच्या लोकांना तोंडावर सांगितलं, तेव्हा बोट गेली. त्यापायी तिची जागा गेली. कदाचित परत यावं लागेल. अनीशला अजून उतरता येत नाही, तो आणि कप्तान दोघंच वर आहेत आणि किती दिवस ते कुणालाच माहीत नाही. त्याला भीती वाटते. हे मी लपवत नाही, कारण महिनाभर लपवून काय होतं ते मी बघितलं. घरातल्या प्रत्येकाने एकटं घाबरायचं, बस.

सुलू, मी तुला एकदम तोंडी सांगितलं असतं तर तू उठून पळत सुटली असतीस, मला माहीत आहे. हातात पेन असलं की माणूस एका वेळी एकच ओळ ऐकतो. म्हणून तुला लिहायला बसवलं. माझ्यावर रागाव, नंतर. आत्ता खाली आशीर्वाद लिही आणि माझं नाव घाल.

आजी

गिरिजा, मी आई. मला अजून नीट काही कळत नाहीये. आजी माझा डावा हात धरून बसलीय, सोडत नाही. अनीशचा जो नंबर लागतो तो मला पाठव. तो खाली इंजिनपाशी एकटा जात असेल ती वेळ विचारून ठेव. मी त्या वेळी फोनवर असेन, तो वर येईपर्यंत. त्याला बोलायचं नसलं तरी चालेल.